शॅमेलिऑन पुन्हा पुन्हा खाणं सोडतो : आधी पाणी, मग ऊब, मग उजेड, घास सगळ्यात शेवटी

‘आबा परत जेवत नाहीयेत’ हे वाक्य आमच्या घरात गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा बोललं गेलं की शेजारच्या काकू एकदा माझ्या सासऱ्यांची तब्येत विचारायला आल्या. सासरे समोरच बसून पोहे खात होते. आबा म्हणजे आमचा शॅमेलिऑन. डोक्यावर उंच तुरा असलेला, येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य टोकाकडचा, पाळणारे ज्याला व्हेल्ड शॅमेलिऑन म्हणतात तो. इथं नाशिकात गंगापूर रोडवरचं घर मोडून परदेशी निघालेल्या एका कुटुंबानं त्याला माशांच्या काचेच्या टाकीत, एका लाल बल्बाखाली ठेवलं होतं. पुढचे दोन्ही हात धनुष्यासारखे वाकलेले, खालचा जबडा रबरासारखा मऊ, डोळे खोल गेलेले. पाऊल टाकण्याआधी तीनदा विचार करायचा आणि एक डोळा माझ्यावर, एक टीव्हीवर ठेवायचा, म्हणून नाव पडलं आबा.

दोन वर्षांत त्यानं चार वेळा खाणं पूर्ण सोडलं. बाहेरून चारही वेळा दृश्य तेच होतं : किडा समोर, आबा ढिम्म. कारणं मात्र चारही वेळा वेगळी निघाली, आणि चारही वेळा मी पहिल्यांदा चूकच केली. म्हणजे किडे बदलून पाहिले.

सुरुवातीलाच एक सांगते. तुम्हाला सापडलेला प्राणी माळावरचा, बाभळीतला, आपल्याकडचा घोयरा सरडा असेल तर त्याला घरी ठेवूच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, तो पाळणं गुन्हा आहे. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. (आणि तो विषारी नसतो. दगड मारू नका.) परदेशी जातीचा असेल तरी कागद लागतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. मी प्राणी आधी आणला आणि कागदांमागे नंतर धावले. तुम्ही उलट करा.

आता मूळ मुद्दा. पहिल्या उपोषणाच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, “ताई, हा जेवत नाही हा आजार नाही, निरोप आहे. आधी पाणी बघा, मग ऊब, मग उजेड. घास सगळ्यात शेवटी.” तेव्हा मला ते जरा नाटकी वाटलं. आता ते पिंजऱ्यावर मार्करनं लिहून ठेवलंय.

पहिलं उपोषण : मे महिना

पारा चाळिशीला टेकला होता. आबाला उकडत असेल म्हणून मी पिंजरा कूलरसमोर आणला. दिवसभर तोंडावर वारा. पानांवर पाणी फवारलं की पाच मिनिटांत पानं कोरडी. वाटीत पाणी भरून ठेवलेलं होतंच, त्यामुळे तो पीत असेल अशी माझी समजूत.

शॅमेलिऑन वाटीतलं पाणी बहुधा ओळखतच नाही. त्याला पाणी म्हणजे पानावरून ओघळणारा, चमकणारा थेंब. तो दिसला तरच जीभ लावतो. म्हणजे भरलेल्या वाटीशेजारी माझा आबा तहानलेला होता. खूण शीमध्ये होती. सरड्याच्या शीला एक चुन्यासारखा भाग असतो, तो पांढरा हवा. पिवळा किंवा केशरी दिसला तर शरीरात पाणी कमी आहे. डोळ्याचे बुरूज आत बसलेले असतील तर अजूनच कमी आहे. अशा प्राण्याला किडे भरवणं म्हणजे कोरड्या मोरीत भात ओतणं. आतडं तुंबतं, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि हे फार दिवस चाललं तर सांध्यांत युरिक अॅसिडचे खडे साचतात.

उपाय स्वस्त निघाला. औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा सेट आणला, धुतलेल्या बाटलीला जोडला, बाटली पिंजऱ्याच्या वर टांगली आणि चाकानं धार अशी लावली की जास्वंदीच्या पानावर सेकंदाला एखादा थेंब पडेल. खाली डबा. पहिल्या दिवशी आबा चाळीस मिनिटं पीत होता. मी हलले की थांबायचा, म्हणून दाराआडून बघत होते. आता रोज सकाळी अर्धा-पाऊण तास थेंब, शिवाय पहाटे आणि दिवे घालवल्यावर बारीक फवारा. रात्री ओलावा जास्त आणि दुपारी पानं कोरडी, असं चक्र हवं. चोवीस तास ओलं ठेवलं तर बुरशी येते आणि छाती भरते. कूलर आता दुसऱ्या खोलीत असतो. पाणी पिऊ लागल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः झुरळ मागितलं.

दुसरं : श्रावणातलं, सगळ्यात फसवं

या वेळी पाणी ठीक, शी पांढरी, डोळे भरलेले. आबा किड्याकडे दोन्ही डोळे वळवायचा, तोंड उघडायचा, जीभ थोडी पुढे यायची आणि तिथंच थांबायची. दोन-तीनदा नेम चुकला की तोंड फिरवायचा. घरच्यांना वाटलं, कंटाळला.

खरं म्हणजे भूक होती, जीभ चालत नव्हती. शॅमेलिऑनची जीभ शेपूट सोडून उरलेल्या अंगाच्या दीडपट-दुप्पट लांब जाते. तो बाण सुटायला स्नायू लागतात आणि स्नायूंना कॅल्शियम लागतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून उपसतं. हाडं मऊ होतात, हात वाकतात, जबडा लिबलिबीत होतो, पकड सुटते, बोटं थरथरतात. डॉक्टर याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. आबाला तो टाकीत असतानाच झाला होता, मी तो बरा झाला असं धरून चालले होते.

पण मी तर प्रत्येक किड्याला कॅल्शियमची पूड लावत होते! इथंच पेच आहे. पोटात गेलेलं कॅल्शियम अंगाला लागायला डी-३ जीवनसत्त्व लागतं. ते हा प्राणी कातडीवर यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एका प्रकारचे अतिनील किरण, पडल्यावर तयार करतो. यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही. पिंजऱ्यावरची माझी यूव्हीबीची ट्यूब लख्ख पेटत होती, पण अकरा महिने जुनी होती. उजेड राहतो, किरण ओसरतात. उन्हाळ्यात मी आबाला सकाळी गच्चीवर नेत असे, म्हणून ते खपून गेलं. पावसाळ्यात सहा आठवडे ढग, गच्ची बंद, आणि उणीव उघडी पडली.

त्यामुळे तुमचा प्राणी नेम धरून चुकत असेल तर आधी ट्यूबचं वय काढा. सहा महिन्यांनी बदललेली बरी, चांगल्या प्रतीची असेल तर फार तर वर्ष. लांब, बारीक नळीची, टी-५ प्रकारची, यूव्हीबी पाच-सहा टक्के लिहिलेली घ्या. माशांच्या दुकानातला निळा-जांभळा ‘यूव्ही’ दिवा याचं काम करत नाही, लाल बल्ब तर नाहीच. ट्यूब आणि बसायची फांदी यांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उबदार असतं, पण यूव्हीबी काचेत अडतं. ‘आमच्याकडे पूर्वेची मोठी खिडकी आहे’ हे उत्तर म्हणूनच चालत नाही. मी नव्या ट्यूबवर बसवल्याची तारीख लिहिली आहे, आणि सासूबाईंच्या कालनिर्णयवर बदलायची तारीख, गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली.

गच्चीवर न्यायचं तर जाळीच्या पिंजऱ्यातून, सकाळी आठ-नऊच्या सुमारास, वीस-तीस मिनिटं, अर्ध्या भागावर ओला पंचा टाकून. काचेची टाकी उन्हात कधीच नाही, आत प्राणी भाजून मरतो. आणि जागेवरून हलायचं नाही, आपल्याकडे घारी आणि कावळे दोन्ही आहेत.

हाडांचं दुखणं इतकं पुढं गेलं असेल तर नुसती ट्यूब पुरत नाही. आबाचा एक्स-रे निघाला, त्यात उजव्या हाताला जुनं, आपोआप जुळलेलं मोडलेलं हाड दिसलं. डॉक्टरांनी तोंडातून द्यायचं पातळ कॅल्शियम वजनाप्रमाणे मोजून दिलं, कितीही मागितलं तरी ‘अंदाजे’ डोस सांगितला नाही. वाकलेली हाडं सरळ होत नाहीत, ती तशीच कडक होतात. म्हणून आबाच्या फांद्या आता जाड, आडव्या आणि खाली आहेत, आणि तळाशी जुनी गोधडी आहे. पकड सुटून पडला तरी मोडतोड नको. त्याला उचलताना अंगावरून धरू नका. फांदीसमोर हात ठेवा, त्याचं तो चढतो.

याच काळात घरगुती सल्ल्यांना ऊत आला होता. सासूबाई म्हणाल्या, “अगं, कॅल्शियमच हवंय ना? पानाचा चुना लाव की थोडा किड्याला.” खायचा चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते. “मग दूध तरी पाज, नागपंचमी आहे.” मी म्हटलं, “आई, नागालाही दूध पचत नाही, याला कुठून पचणार?” दोन दिवस अबोला होता. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून लावायची युक्ती मलाही सुचली होती. त्यांत बहुतेक वेळा डी-३ असतं, ते रोज जास्त गेलं तर उलट आतले अवयव कडक होतात. साधी, डी-३ नसलेली पूड प्रत्येक जेवणाला चिमूटभर, किड्यावर पिठी भुरभुरल्यासारखी. डी-३ आणि जीवनसत्त्वांची पूड पंधरा दिवसांतून एकदा. यापेक्षा उदार होऊ नका. डोळ्याची पापणी सुजली, जीभ लागूनही किडा निसटतो आहे असं दिसलं तर ‘ए’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, पण तेही जास्त झालं की विषच, म्हणून डॉक्टरांना विचारून.

घास, म्हणजे किडे

किड्यांत फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा बराच जास्त असतो, आणि आपल्याला हवं असतं नेमकं उलट, साधारण दोनास एक. म्हणून पूड, आणि म्हणूनच किड्याला आधी चोवीस तास नीट जेवू घालायचं. तो आत जाताना भरलेला डबा असला पाहिजे. मी रातकिड्यांना आणि दुबिया झुरळांना (ही खाद्य म्हणून मुद्दाम वाढवतात) शेवग्याचा पाला, कढीपत्ता, गाजर, लाल भोपळा घालते. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं.

किड्याचा आकार सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नाही. मोठ्या जनावराला एकाआड एक दिवस चार-पाच पुरतात. पिल्लाला रोज, भरपूर. सुपरवर्म नावाची मोठी अळी हा आमच्याकडचा वडापाव आहे : लठ्ठ, चविष्ट, आणि एकदा सवय लागली की बाकी सगळं नाकारलं जातं. आठवड्यातून एखादा. आजारी असताना रेशमाच्या अळ्यांसारखं दुसरं काही नाही, मऊ आणि पाणीदार. त्या मी तुती लावलेल्या एका शेतकऱ्याकडून आणते. तिथं निर्धास्त असते, कारण तुतीवर विषारी फवारणी केली तर आधी त्याच्याच अळ्या मरतील.

याच्या उलट गोष्ट द्राक्षबागेची. माझा भाचा दिंडोरीहून हौसेनं बरणीभर नाकतोडे घेऊन आला, “मावशी, एकदम देशी!” ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत किती फवारण्या होतात हे नाशिककराला सांगायला नको. तो नाकतोडा स्वतः तगला असेल, पण अंगावरचं औषध शंभर ग्रॅमच्या प्राण्याला पुरेसं असतं. बरणी तशीच परत गेली. घरातली झुरळंही नकोत, कोणी कुठं जेल लावलंय माहीत नसतं. काजवे तर मुळीच नाहीत, काही काजव्यांतलं विष सरड्याला एका घासात मारतं. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नका, ते झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात.

जीभ चालत नसेल तर आतून खरखरीत असलेल्या उभट डब्यात किडे ठेवून तो तोंडाच्या अगदी जवळ धरा, म्हणजे जीभ सोडायची वेळच येत नाही, जबड्यानं टिपता येतं. आबा महिनाभर असाच जेवला. जबरदस्तीनं तोंड उघडून सिरिंज मारणं मी एकदा केलं आणि पुन्हा करणार नाही. श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, पातळ अन्न सरळ फुप्फुसात जातं. शिवाय जबडा मऊ असेल तर हातात मोडतो. ते डॉक्टरांचं काम आहे.

तिसरं : जानेवारी

हे सोपं होतं. निफाडच्या थंडीच्या बातम्या सुरू झाल्या, आमच्या हॉलमध्ये सकाळी १३ अंश, आणि आबा दहा वाजेपर्यंत काळपट, घट्ट, बंद. सरड्याचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. गारठ्यात पोटातला किडा पचत नाही, कुजतो. दिव्याखालच्या फांदीवर २९ ते ३०, पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला २४ च्या आसपास, असं ठेवलं की तो स्वतः जागा निवडतो. थर्मामीटर फांदीवर बांधा, भिंतीवरचा आकडा निरुपयोगी. बल्ब जाळीच्या बाहेर, नाहीतर तुरा भाजतो. धडधाकट प्राण्याला रात्री पंधरा-सोळा अंश चालतात, आजारी असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. लाईट गेली तर पंच्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पिंजऱ्याला बाहेरून टेकवायची. जेवण सकाळी, अंग तापल्यावर. संध्याकाळी सहानंतर काहीही नाही.

चौथं, ज्यात आमची सगळ्यांची फजिती झाली

मार्चमध्ये आबानं परत तोंड फिरवलं. पाणी बघितलं, ऊब बघितली, ट्यूब चार महिन्यांची. सगळं बरोबर. पण या वेळी तो मलूल नव्हता, उलट अस्वस्थ. फांदी सोडून तळाला फिरायचा, गोधडी ओरबाडायचा, जाळी खाजवायचा. अंगावर पिवळे-निळे ठिपके, पोट दोन्ही बाजूंनी गाठीगाठींचं.

डॉक्टरांनी मागचा पाय उलटा करून टाच दाखवली. व्हेल्ड शॅमेलिऑनच्या नराला जन्मापासून टाचेवर छोटासा काटा असतो. आबाला काटा नव्हता. “ताई, तुमचे आबा अंडी घालणार आहेत.” वर्षभर एक्स-रे, वजन, औषध सगळं झालं, टाच कोणी पाहिली नव्हती. मादीला अंडी घालायला नराची गरज नसते, ती नुसती घालते, फलित नसतात इतकंच. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, आमच्या आबाची धाव कुंडी शोधण्यापर्यंत होती, आणि कुंडी मीच दिली नव्हती.

अंडी घालायला तिला खणता येईल अशी जागा लागते. किमान ३० सेंटिमीटर खोल टब, त्यात धुतलेली वाळू आणि माती, मुठीत दाबल्यावर आकार धरेल इतकीच ओली. टबला चादरीचा आडोसा, आणि डोकावायचं नाही. कोणी बघतंय असं वाटलं तर ती खड्डा अर्धवट सोडते. जागा नसली तर अंडी पोटातच अडकतात आणि जीव जातो. आबासारख्या हाडं मऊ असलेल्या मादीला धोका दुप्पट, कारण अंडं बाहेर ढकलायलाही स्नायू लागतात आणि स्नायूंना पुन्हा तेच कॅल्शियम. खणणं सुरू होऊन दोन दिवसांत अंडी नाहीत, किंवा ती खड्ड्याशेजारी डोळे मिटून पडली आहे, तर त्याच दिवशी दवाखाना.

दुसऱ्या रात्री आबानं २७ अंडी घातली आणि माती इतकी नीट दाबली की जागा शोधायला चमचा लागला. सासूबाई सकाळी म्हणाल्या, “बाळंतपण झालं म्हणायचं आबांचं. डिंकाचे लाडू करू का?” लाडू नाही, पण तिला दीड तास थेंब आणि आठवडाभर रेशमाच्या अळ्या मिळाल्या. आता तिचं जेवण मोजकं आणि दिव्याखालचं तापमान २८ च्या पुढं जाऊ देत नाही. भरपूर खाऊ आणि भरपूर ऊब मिळाली की मादी जास्त अंडी घालते, आणि तेवढं कॅल्शियम तिच्याकडे नाही.

थांबून चालणार नाही अशी लक्षणं

तोंड उघडं टाकून, मान वर करून श्वास, नाकातोंडाशी बुडबुडे. दिवसा डोळे मिटून बसणं. जबड्याच्या कडेला किंवा तोंडाच्या कोपऱ्यात सूज, पनीरसारखा घट्ट पिवळा पू. झटके. फांदीवरून पडणं. यांपैकी काही दिसलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा. प्रत्येक पशुवैद्य सरडे बघत नाही, म्हणून प्राणी ठणठणीत असतानाच फोन करून विचारून ठेवा. नाशिकात वेळ नाही मिळाली तर मुंबई किंवा पुणे, प्रवास पहाटे, कापडानं झाकलेल्या खोक्यात, आत एक आडवी काठी. सोबत ताजी शी डबीत न्या, जंत त्यातच दिसतात. आणि ट्यूबची तारीख, फांदीचं तापमान, पुडीचं पाकीट यांचे फोटो. ‘सगळं नीट देतो हो’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो, घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात.

दर रविवारी वजन. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घेतला आहे, वर काठी ठेवून शून्य करायचं आणि तिला काठीवर चढू द्यायचं. आली तेव्हा ६८ ग्रॅम होती. खाणं सोडण्याआधी आठ-दहा दिवस वजन उतरायला लागतं, हे वहीच्या मागच्या पानांवरून मला फार उशिरा दिसलं.

काल रविवार होता. ९६ ग्रॅम, मागच्या आठवड्यापेक्षा दोन कमी. शी पांढरी, फांदीवर २८, ट्यूब पाच महिन्यांची. टब ओला करून चादरीमागे ठेवला आहे, आणि सासूबाईंनी हॉलमधला टीव्ही बंद केला आहे.